ऑफशोअर: कुठे, की कुठल्या दिशेला?

पणजीच्या जेटीवर भाच्याने विचारलं, "मामा, ऑफशोअर म्हणजे समुद्रातलं ना? मग ही कॅसिनोची जहाजं मांडवीत कशी?"

प्रश्न रास्त आहे. इंग्रजीत शोअर म्हणजे फक्त समुद्राचा काठ नव्हे. मोठ्या तळ्याचा, रुंद नदीचा काठही शोअरच. त्या काठापासून सुटून पाण्यात असलेलं ते ऑफशोअर. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली आणि ऑफशोअर जहाजांवर टेबलावरचे खेळ चालवायची मुभा मिळाली. तिथून हा शब्द पणजीतल्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्याही तोंडी बसला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं बॉम्बे हायसुद्धा ऑफशोअरच. म्हणजे हाकेच्या अंतरावरचं जहाजही ऑफशोअर आणि क्षितिजापलीकडची तेलविहीरही ऑफशोअर. या शब्दात अंतर नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

खरी अडचण वाऱ्याशी येते. तिथे हा शब्द जागा सांगत नाही, दिशा सांगतो. ऑफशोअर वारा म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, ऑनशोअर म्हणजे समुद्राकडून जमिनीवर येणारा. आपण वाऱ्याला तो जिथून येतो तिथलं नाव देतो. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, खारे वारे समुद्राकडून. ऑफशोअर मात्र वारा जातो कुठे ते सांगतो, म्हणून आपल्या कानाला तो उलटा लागतो. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आठवा: रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी उबदार राहतं, आणि हवा जमिनीवरून समुद्राकडे वाहते. तोच हा ऑफशोअर वारा.

मागे पाण्यातले खेळ शिकवणाऱ्या एका केंद्राचं मराठी पत्रक माझ्याकडे तपासायला आलं होतं. ऑफशोअर विंडसाठी त्यात लिहिलं होतं, "किनाऱ्याकडील वारा". वाचायला चांगलं, पण कामाचं नाही. किनाऱ्याकडील म्हणजे किनाऱ्याकडून येणारा, की किनाऱ्याकडे येणारा? ‘कडील’ आणि ‘कडचा’ ही रूपं दोन्ही अर्थ पोटात घेतात. ‘कडून’ आणि ‘कडे’ घेत नाहीत. दिशेवर जीव अवलंबून असेल तिथे ‘कडील’ लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

जीव अवलंबून असतो हे मला मोरजीला कळलं. हिवाळ्यातली सकाळ होती, सातचा सुमार. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे अशा वेळी वारा पूर्वेकडून, पाठीमागून येतो. पाणी काठाशी तेलासारखं सपाट दिसतं. एक मूल हवेची ट्यूब घेऊन कमरेइतक्या पाण्यात होतं. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, दोरी आवरणाऱ्या एका म्हाताऱ्या रापणकाराने त्याच्या वडिलांना हाक मारली, "वारो भायर व्हरता!" वारा बाहेर नेतो. ‘भायर’ म्हणजे दर्यात. वडील धावेपर्यंत ट्यूब वीसेक हात आत गेली होती. त्याच्या त्या तीन शब्दांत ऑफशोअरचा पुरा अर्थ होता, धोक्यासकट. सर्फिंगवाल्यांना हाच वारा आवडतो, कारण तो लाटेचा माथा सावरून धरतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा विस्कटतात.

इंग्रजी बातम्यांतलं ‘ऑफ गोवा’ हेही याच घरातलं. मराठीत त्याचं "गोव्याच्या किनाऱ्यावर जहाज बुडालं" असं छापून येतं, तेव्हा ते पुष्कळदा भर समुद्रात बुडालेलं असतं. किनाऱ्याला लागलेलं जहाज म्हणजे २००० साली कांदोळीला वाळूत रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस. ते दहा वर्षांहून अधिक काळ लोकांनी काठावरून पाहिलं. बाकीच्यांसाठी "गोव्यासमोरच्या समुद्रात" म्हणावं. सरकारी हिंदीतला ‘अपतटीय’ कुणाच्या तोंडी नाही, तो आणू नये.

पत्रकात शेवटी मी एवढंच ठेवलं: "सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हवा भरलेली ट्यूब किंवा गादी घेऊन पाण्यात उतरू नका."