अहिल्या जयंतीला एकच मोठं शिबिर, की दर शनिवारी चार दाते?

रामबागकर:
31 मे जवळ आली की इंदुरात रक्तदान शिबिरांची तयारी सुरू होते. देवी अहिल्याबाईंच्या नावानं रक्त द्यावं, हे चांगलंच आहे. पण यंदा आपल्या मंडळानं मोठं शिबिर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी दात्यांची यादी करावी आणि दर शनिवारी चौघांनी रक्तपेढीत जाऊन रक्त द्यावं.

साठवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. रविवारी ढीगभर पिशव्या जमल्या, तरी त्यातल्या प्लेटलेट्स पुढच्या रविवारी कुणाच्याच कामाच्या नाहीत. शिवाय एकदा रक्त दिलं की पुरुषाला 90 दिवस आणि बाईला 120 दिवस थांबावं लागतं. म्हणजे जून-जुलै-ऑगस्ट सगळा मोहल्ला एकदमच बाद! थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला जयंतीची तारीख काय कामाची? पैसे घेऊन रक्त देण्यावर 1998 पासून बंदी आहे, तेव्हा जे काही मिळेल ते आपल्यासारख्यांकडूनच.

ढोलपथकवाला:
दादा, साफ असहमत. पहिल्यांदा सुई टोचून घेणारा पोरगा एकटा रक्तपेढीची पायरी चढत नाही. शिबिरात मित्र शेजारच्या कॉटवर असतो, गप्पा मारता मारता पिशवी भरते, मग चहा-बिस्किट होतं आणि भीती जाते ती कायमची. तुमची शनिवारची यादी दोन महिने चालेल, तिसऱ्या महिन्यात कोणी फोन उचलणार नाही. आणि यादीत नावं येणार कुठून? शिबिरातूनच ना?

सुदामानगरची काकू:
तुम्ही दोघं रक्तापाशीच अडून बसलात. आमच्या महिला मंडळातल्या कितीतरी जणींना रक्त न घेताच परत पाठवलं, कारण हिमोग्लोबिन 12.5 लागतं. पासष्टी उलटलेल्यांचा तर प्रश्नच नाही. मग त्यांनी समाजासाठी काही करूच नये का?

निमाडातून, झाबुआ-धारकडून इथे पेशंट येतात. बरोबरच्या माणसाच्या एका हातात रक्ताच्या मागणीचा इंग्रजीतला कागद, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली नमुन्याची नळी. कुठल्या खिडकीवर जायचं, हे त्याला कळत नाही. कोणी नुसतं त्याच्याबरोबर चालत गेलं, तरी त्याचा अर्धा दिवस वाचतो. हे काम साठीतल्या बाईला सहज जमतं, आणि रोज जमतं.

ढोलपथकवाला:
काकू, काम मोलाचं आहे. पण त्याला मंडळ कशाला हवं? ज्याला वेळ असेल त्यानं जावं.

सुदामानगरची काकू:
हवंच! एकट्यादुकट्या बाईला गार्ड हटकतो, नातेवाइकांना दलालाचा संशय येतो. मंडळाचं ओळखपत्र आणि ठरलेले वार असतील, तरच हे निभेल.

रामबागकर:
काकूंच्या कामाला मंडळानं ओळखपत्रं द्यावीत, माझा पाठिंबा. शिबिराबद्दल मात्र मत बदललेलं नाही. फार तर 31 मेला फक्त नवे दाते घ्या, नेहमीच्यांना पावसाळ्यासाठी राखून ठेवा. आणि ओ निगेटिव्ह या दुर्मिळ रक्तगटाच्यांना त्या दिवशी बसवूच नका. त्यांचे नंबर लिहून घ्या, गरज पडली की बोलवा.

ढोलपथकवाला:
नंबर घेईन, रक्तगटही लिहीन. पण आपणहून आलेल्या दात्याला आज नको, ऑगस्टात ये असं म्हणणं मला जमणार नाही. ऑगस्टात तो गावातच नसला तर?