निवृत्तीनंतर पुन्हा सॅक्सोफोन: बाबांना जमेल का?

सांगलीची_लेक
बाबा तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये आल्टो सॅक्स वाजवायचे. जॅझचं वेड कॅसेटींवर जोपासलं. पुढे नोकरी लागली आणि सॅक्स पेटीत गेला तो गेलाच. आता रिटायर झाल्यावर विश्रामबागच्या घरी ती पेटी पुन्हा उघडलीय. पण वरच्या दातांची कवळी आहे, दोन ओळी वाजवल्या की दमतात आणि म्हणतात, "आता कसलं जॅझ!" मला मात्र त्यांना ऐकायचंय. सुरुवात कुठून करायची?

मिरजेचा_आल्टो
ताई, आधी वाद्य तपासा. वर्षानुवर्षं पेटीत पडून पॅडचं, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्यांचं, चामडं कडक होतं, भोकं नीट झाकली जात नाहीत. रात्री खोलीतला दिवा घालवून नळीत छोटा बल्ब सोडा आणि एकेक चावी हलकी दाबून बघा. पॅडच्या कडेनं उजेड दिसला की तिथून हवा सुटतेय. मग खालचे सूर लागत नाहीत आणि माणूस फुंकून फुंकून थकतो. मिरजेचे सतार-तंबोऱ्याचे कारागीर नामांकित, पण हे त्यांचं काम नव्हे. बँडची वाद्यं दुरुस्त करणारा गाठा. रीड, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसवर बसवतात ती थरथरणारी पातळ पट्टी, दोन नंबरची घ्या, त्याहून कडक नको.

वरचे दात माउथपीसवर टेकतात, त्यामुळे कवळी हलते. माउथपीसवर रबरी चकती चिकटवा. तेवढ्यानं भागलं नाही, तर वरचा ओठही दातांवर दुमडून धरायचा. आमच्या बँडचे थोरले मास्तर म्हातारपणी असंच वाजवायचे. काय गोड सूर होता त्यांचा!

कृष्णाकाठ
बाबांना अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सची गोष्ट सांगा. १९५९ मध्ये ऐन भरात असताना त्यांनी कार्यक्रम बंद केले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला. १९६१ मध्ये परतले. त्याच दशकाच्या शेवटी पुन्हा थांबले, तेव्हा आपल्या पवईच्या आश्रमात राहून गेले. परत आले ते पुढे ऐंशी ओलांडेपर्यंत वाजवत राहिले. शेवटी फुप्फुसाच्या आजारानं वाद्य सोडायला लावलं.

मिरजेचा_आल्टो
रॉलिन्स म्हणजे देवमाणूस! पण बाबांना लगेच त्यांच्या चाली काढायला बसवू नका. सुरुवातीला नुसते लांब सूर. एक सूर धरायचा, थरथरला की सोडायचा. ओठ दुखले की त्या दिवसापुरतं बंद. आणि दम लागतोय म्हणता, तर आधी डॉक्टरांना छाती दाखवा. त्यात हयगय नको.

सांगलीची_लेक
काका, बल्ब सोडून पाहिला. डाव्या करंगळीच्या चाव्यांना उजेड दिसतोय. बाबा स्वतःच चष्मा लावून एकेक पॅड बघत होते. उद्या डॉक्टरांकडे जातोय. मिरजेत दुरुस्तीला कुठे जायचं, तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवाल का?