पळताना घड्याळ १७२ दाखवतं पण धाप लागत नाही, खरं कुणाचं मानायचं?

पहाटपाऊल:
नमस्कार मंडळी, वय ४४, सहा महिने झाले पळतेय, आठवड्यातून चारदा पाच-सहा किमी, अगदी हळू, मैत्रिणीशी गप्पा मारत मारत. नवीन घड्याळ घेतलंय ते मनगटावर हार्ट रेट दाखवतं आणि पळायला लागलं की पाचेक मिनिटांत आकडा १७०-१७२ ला जाऊन बसतो तो हलतच नाही. ॲप म्हणतं तुमचा मॅक्स १७६, तुम्ही लाल झोनमध्ये आहात. मला तर अख्खी वाक्यं बोलता येतात! घाबरून दोन आठवडे पळणं बंद ठेवलंय आणि त्याचंच जास्त वाईट वाटतंय. त्यात सकाळी उठल्या उठल्या झोपेचा स्कोअर ५८ दिसला की दिवसभर अंगात त्राण नसल्यासारखं होतं. घड्याळाचं ऐकू की शरीराचं?

नाडीवर_बोट:
ताई, आधी एक सांगा, छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही होतंय का? होत असेल तर हे वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

नसेल तर ऐका. आकडा "जाऊन बसतो, हलत नाही" इथेच मला शंका आली. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणारा प्रकाश किती कमी-जास्त होतो त्यावरून ठोके काढतं. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाला घड्याळ हादरतं आणि तो हादराच ते नाडी समजून मोजतं. याला केडन्स लॉक म्हणतात. पळताना बऱ्याच जणांची पावलं मिनिटाला १६० ते १८० च्या आसपास पडतात, त्यामुळे आकडा अगदी खरा वाटतो आणि माणूस घाबरतो.

उद्या एवढं करा. पळता पळता उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा आणि त्याला ४ ने गुणा, मिनिटाची पावलं मिळतील. मग थांबा आणि थांबल्याबरोबर दोन बोटं मनगटावर ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, गुणिले ४. उशीर करू नका, थांबलं की ठोके भराभर उतरतात. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधा. आणि कुणाकडे छातीचा पट्टा असेल तर मागून घ्या, तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो म्हणून पळताना त्याच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

चढणीचा_सायकलवाला:
ते १७६ पण मनावर घेऊ नका. ॲपने २२० वजा वय केलंय बस. २००१ साली आलेलं दुसरं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, चाळिशीला दोन्ही १८० च देतात पण साठीला पहिलं १६० म्हणतं आणि दुसरं १६६. आणि ही सगळी सरासरी, एकाच वयाच्या दोन माणसांत २० ठोक्यांचा फरक सहज असतो. बोलता येतंय म्हणजे वेग हलकाच आहे.

रात्रपाळी:
झोपेबद्दल, कारण यातून मी गेलोय. लॅबमध्ये झोपेचे टप्पे मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण बघून ठरवतात, घड्याळाकडे फक्त तुमची हालचाल आणि नाडी, त्यावरून ते अंदाज बांधतं. किती वाजता झोपलात, किती तास झोपलात एवढं बघा. स्कोअरच्या काळजीनेच झोप उडते, याला २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नावही दिलंय डॉक्टरांनी. मी सकाळचा स्कोअर बघणं बंद केलं तेव्हा कुठे नीट झोपायला लागलो.

ओवी_आणि_आकडे:
सगळं वाचलं, पटलं, पण घड्याळ खोटंच असं कुणी धरून बसू नका प्लीज. माझ्या बाबांना बसल्या जागी "ठोके अनियमित" अशी सूचना तीनदा आली, त्रास काहीच नव्हता, ते तर म्हणाले काढून टाक ते. मी हट्टाने नेलं, डॉक्टरांनी पूर्ण ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात. त्यात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो. आता रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मात्र सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक असंही नसतं आणि हार्ट अटॅक घड्याळाला कळत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पहाटपाऊल:
दुखणं-चक्कर काहीही नाही. आज सकाळी मोजलं!! उजवा पाय ४३ वेळा, म्हणजे १७२, आणि घड्याळातही बरोब्बर १७२. थांबून नाडी मोजली तर १५ सेकंदांत ३४, म्हणजे १३६. हात थरथरत होता म्हणून तीनदा मोजलं, एकदा ३५ आले. पट्टा वर सरकवून घट्ट केला तर परतीच्या वाटेवर घड्याळ १४० च्या आतच राहिलं. दोन आठवडे उगाच घालवले याचं वाईट वाटतंय, पण खूप हलकं वाटतंय. ओवी, तुझ्या बाबांचं वाचून माझ्या आईचाही ईसीजी करून घेणार आहे, तिला अधूनमधून धडधडतं. मैत्रीण छातीचा पट्टा देतेय रविवारी, तो नुसता बांधायचा की आणखी काही?

नाडीवर_बोट:
आतल्या बाजूचे पॅड पाण्याने ओले करून मग बांधा, कोरडे असले तर घाम येईपर्यंत आकडे वेडेवाकडे येतात. आणि आईंचं रविवारपर्यंत थांबवू नका.