तीव्रता वाढवून वेळ वाचत नाही
कोणीतरी म्हटलंय की फोटोडायनॅमिक उपचारात (त्वचेच्या गाठीवर औषधी मलम लावायचं आणि मग दिव्याच्या प्रकाशाने तिच्यातल्या पेशी मारायच्या) दिव्याची तीव्रता दुप्पट केली की निम्म्या वेळात काम होईल. कागदावर बरोबर आहे: ३७ ज्यूल प्रति चौरस सेंमीचा डोस चौरस सेंमीला ८० मिलीवॉट तीव्रतेने द्यायला पावणेआठ मिनिटं लागतात, १६० ने त्याच्या निम्मी. पण पेशी मारतो तो सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं प्रकाशामुळे तयार होणारं अतिक्रियाशील रूप, आणि तो तयार व्हायला ऊतीत साधा ऑक्सिजन लागतो. प्रकाश फार जोरात मारला तर रक्तपुरवठ्यातून नवा येण्याआधीच हा साधा ऑक्सिजन संपतो. मग मीटरवर डोस पूर्ण, गाठीत परिणाम अर्धवट. वेदना वाढतात ते वेगळंच. म्हणून कमी तीव्रता, किंवा मध्ये थांबून दोन टप्प्यांत प्रकाश.

निळ्या दिव्याबद्दल: प्रोटोपॉर्फिरिन (मलमापासून पेशींत तयार होणारं, प्रकाश शोषणारं द्रव्य) ४०५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं हे खरं, पण निळा प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही. जाडसर गाठीला ६३० च्या आसपासचा लाल, शोषण कमी असूनही. आणि मलम लावण्याआधी खपली खरवडली नसेल तर दिवा कुठलाही आणा, औषधच आत पोचलेलं नसतं.