धूमकेतूच्या मॉडेलमध्ये उष्णता फारच खोल जातेय

तापीकाठ:
६७पी धूमकेतूच्या गाभ्याचं एकमितीय मॉडेल पायथॉनमध्ये बसवतोय. उष्णतावाहकता ५६७ भागिले तापमान, घनता घनमीटरला ५३० किलो, गणितासाठी पाडलेले थर ५ सेंटिमीटरचे. १०० केल्विनला औष्णिक जडत्व (पृष्ठभाग तापायला-निवायला किती विरोध करतो ते, एसआय एककांत) १,६०० च्या घरात येतं आणि १२.४ तासांच्या एका दिवसाचं ऊन ४० सेंटिमीटर खाली पोचतं. या धूमकेतूकडे गेलेल्या रोझेटा यानाच्या मायक्रोवेव्ह उपकरणावरून तर १० ते ५० निघालं होतं. चुकतंय कुठे?

सातपुडा:
भाऊ, सूत्र बरोबर आहे, पण ते सलग स्फटिकी बर्फाचं. गाभा ७० टक्क्यांहून जास्त पोकळ आहे, वर धुळीचा थर. कण टोकाटोकाला टेकलेले, उष्णता तेवढ्याच वाटेनं जाणार. आपल्याकडे वैशाखात बर्फाची लादी भुशात तगते ती भुशात अडकलेल्या हवेमुळे. तिथे तर हवाही नाही!

जडत्व वाहकतेच्या वर्गमुळावर चालतं. ५० पट उतरवायचं तर वाहकता २,५०० पट कमी, म्हणजे साधारण ०.००२ वॅट प्रति मीटर-केल्विन. मग दिवसाचं ऊन सेंटिमीटरभरातच अडतं, आणि ५ सेंटिमीटरचे थर कुचकामी ठरतात. वरचे १ मिलिमीटरचे घ्या, खाली जाताना प्रत्येक थर १० टक्क्यांनी जाड करा. पुढचं तापमान थेट मागच्यावरून काढत असाल तर वेळेचं पाऊल १०० सेकंदांच्या आत ठेवा, नाहीतर आकडे नाचायला लागतात.

अनेरथडी:
प्रारण (पोकळीच्या भिंतींमधून किरणांनी जाणारी उष्णता) धरलंय का? १ मिलिमीटरच्या पोकळीत ३०० केल्विनला त्याचाच वाटा ०.००६ होतो, म्हणजे वरच्या आकड्याच्या तिप्पट. तापमानाच्या घनानुसार वाढतो, म्हणून दुपारी जास्त, रात्री नगण्य. एकच आकडा दिवसभर ठेवू नका. शिवाय १८० केल्विनच्या पुढे वाफ पोकळ्यांतून खाली जाऊन गोठते आणि तिथे उष्णता सोडते, ते वेगळं मोजा.

तापीकाठ:
दोघांचे आभार. खोलवर अस्फटिक बर्फ (ज्यात रेणू सुबक जाळीत मांडलेले नसतात) घातला तर १३७ केल्विनला एकदम स्फटिक करू?

सातपुडा:
एकदम नको. हा बदल तापमानाप्रमाणे वेग घेतो: १४० केल्विनला सव्वा तास, १०० ला सहाशेएक वर्षं. अस्फटिकाची वाहकता मुळात फार कमी, स्फटिक झाला की वाढते, म्हणून प्रत्येक पावलाला दोन्हींचं प्रमाण साठवा. बदलताना किलोमागे सुमारे ९० किलोज्यूल सुटतात. शुद्ध बर्फ त्यानं साठेक केल्विन तापतो आणि शेजारच्या थरातही हाच बदल सुरू होतो. धूळ मिसळलेली असेल तर वाढ कमी. ही लाट चालू असताना वेळेचं पाऊल आपोआप लहान होईल असं लिहा, नाहीतर ती दोन-दोन थर ओलांडून उडी मारते.