हिमालयन 450 की केटीएम 390 ॲडव्हेंचर? रोज पणजी, अधूनमधून बेळगाव

डिचोलीकर:
रोज डिचोली–पणजी, बरेचदा चोडणची फेरीबोट धरून. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगाव, मागे बायको आणि बॅगा. उंची 5 फूट 5. हिमालयन 450 आणि 2025 ची केटीएम 390 ॲडव्हेंचर, 21 इंची पुढच्या चाकाची, या दोन बाइकांत अडकलोय. केटीएमची ताकद 46 पीएस (हॉर्सपॉवर), हिमालयनची 40. घाटात फरक पडतो का?

नटबोल्ट:
पीएस सोडा, टॉर्क म्हणजे ओढ किती आरपीएमला (इंजिनच्या फेऱ्यांना) मिळते ते बघा. हिमालयनचा 40 एनएम 5500 आरपीएमला, केटीएमचा 39 एनएम 6500 ला. डबलसीट चढाच्या वळणातून निघताना केटीएमला गिअर आधी उतरवावा लागतो. अर्थात हिमालयनही 3000 च्या खाली आळशीच, तिला बुलेट समजू नका.

तुमचा खरा प्रश्न फेरीबोटीच्या उताराचा. ओला लोखंडी पत्रा, पुढे थांबलेली गाडी आणि तुमचा एकच पाय टेकलेला. तिथे हिमालयनच्या 196 आणि केटीएमच्या 183 किलोंतला फरक कळतो. सीटची उंची 825 आणि 830 मिमी, म्हणजे जवळपास सारखीच; पण हिमालयनला 805 ची बुटकी सीट मिळते. शोरूममध्ये बूट घालून, बायकोला मागे बसवूनच बघा. सस्पेन्शन दबल्यावर उंची बदलते.

लालमाती:
टाकी विसरलात. हिमालयनची 17 लिटर, केटीएमची 14.5. लिटरला 28 किमी धरले तरी 70 किमीचा फरक.

सस्पेन्शनमध्ये मात्र केटीएम पुढे. पुढच्या फोर्कला कॉम्प्रेशन-रिबाउंड (दबण्याचा आणि परत उसळण्याचा वेग), मागे प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) आणि रिबाउंड बदलता येतं. हिमालयनला फक्त मागचा प्रीलोड. शिवाय केटीएमचा मागचा शॉक थेट बसवलेला, मध्ये लिंकेज (जोडदांड्या) नाही. हिमालयनच्या लिंकेजच्या बेअरिंगमध्ये आपली तांबडी माती शिरते, पावसाळा संपला की खोलून ग्रीस करून घ्या. नाही केलं तर मागून कुईकुई सुरू होते आणि शॉक गेला म्हणून उगाच खर्च होतो.

डिचोलीकर:
हिमालयनच्या टायरातल्या ट्यूबचं काय?

नटबोल्ट:
जादा पैसे पडले तरी ट्यूबलेस स्पोक (तारांची चाकं) घ्या. ट्यूबमध्ये हवा कमी ठेवून चिऱ्याच्या धारेवर आदळलात की रिम आणि दगडात ट्यूब चिमटते, शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. त्या घाटात टायर उतरवत बसायचं म्हणजे शिक्षा. केटीएम घेताना टायरवर ट्यूबलेस लिहिलंय म्हणून थांबू नका, रिमही ट्यूबलेसची आहे का ते विचारा.

लालमाती:
आणि दोन्हींना लागू: खाऱ्या हवेत स्पोकच्या निपलवर (रिमकडच्या नटावर) गंज आधी दिसतो. महिन्यातून एकदा पान्याने स्पोक वाजवा, बद्द आवाज आला तो सैल. रेडिएटरच्या जाळीतला चिखल प्रेशर वॉशरने मारू नका, पत्र्या वाकतात. साध्या पाइपने मागून पुढे पाणी सोडा. चेन धुतली की पुसून वाळवा, मगच ल्यूब. ओल्या चेनवर मारलेलं ल्यूब पणजीला पोहोचेपर्यंत मागच्या रिमवर.