मदत हवी आहे: सामान लादून पोलादपूर ते आंबोली, गिअर बदलू की ओझं कमी करू?

मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जणांनी सायकलने पोलादपूरहून निघून सहा दिवसांत आंबोली गाठायचं ठरवलंय. मागे गाडी नाही. ज्याचं सामान त्याने वाहायचं, आणि एकाची सायकल बसली तर बाकीच्यांनी खोळंबायचं नाही, असा नियम आहे. (हा नियम ज्याने केला त्याचं वय 29. माझं 47.)

रस्ता असा: आंबेनळी चढून महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कास, मग ठोसेघर-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून पाटणकडे. कुंभार्ली उतरून कोकण, आतल्या रस्त्यांनी साखरपा, आंबा घाट चढून वर. पुढे गगनबावडा, करूळ उतरायचा, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी, गारगोटी, आजरा, आंबोली. म्हणजे सह्याद्री शिवणीच्या टाक्यासारखा वर-खाली करायचा. नकाशावर अंतर सव्वापाचशे किमी आणि एकूण चढाई साडेनऊ हजार मीटरच्या आसपास येते. त्यातला तिसरा हिस्सा डांबर नसलेला: मुरूम, जांभ्याचा सडा, कोल्हापूरकडच्या पाणंदी.

माझी पार्श्वभूमी सांगतो. तीन वर्षं बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकल राइड) करतोय. 200, 300, 400 किमीच्या वेळेत झाल्या, 600 ला गुडघ्याने पाय ओढला. पण ते सगळं डांबरावर, पाठीशी एक छोटी बॅग. सायकल ॲल्युमिनियमची, 38 मिमी रुंदीचे टायर, मेकॅनिकल (तारेचे) डिस्क ब्रेक, पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या (50/34), मागे आठ गिअरची 11 ते 32 दातांची (11-32) कॅसेट.

गेल्या शनिवारी रंगीत तालीम म्हणून सामान लादून वेल्ह्याहून केळदला गेलो, मुक्काम करून परत आलो. फजिती झाली. चढावर उभं राहून पॅडल मारायला गेलो की सीटमागची लांब बॅग डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागायची आणि पुढचं चाक रस्ता सोडून भलतीकडे. शेवटचा कच्चा चढ ढकलतच नेला, तोही रोडचे क्लीट (पॅडलमध्ये अडकणारा, तळव्याबाहेर आलेला तुकडा) असलेल्या बुटांनी. खडीवर ते बूट म्हणजे ओल्या फरशीवर खडावा. दोनदा सायकलसकट बसलो. परतताना गुडघ्याची वाटी पुढच्या बाजूने दुखायला लागली.

घरी येऊन वजन केलं तर सामान 11 किलो! बायको आधीच म्हणाली होती, "तिकडे संसार मांडायचाय का?" स्टीलचा डबा, तीन जर्सी, दोन पॉवर बँका, जाड चादर, आणि एक छत्री. छत्री का घेतली ते मलाही सांगता येणार नाही.

तर हातात आठ आठवडे आहेत आणि पैसे बेताचे. गिअर बदलण्यावर खर्च करू की हलक्या स्लीपिंग बॅग-तंबूवर? गुडघ्याचं काय करू? आणि ज्यांनी या भागात कच्च्यावर सायकल चालवलीय त्यांनी आणखी काय चुकतंय ते सांगा. "नवी ग्रॅव्हल बाइक घ्या" हा सल्ला कृपया देऊ नये, तो आमच्या ग्रुपवर रोज मिळतो.

पहिला प्रतिसाद: गिअर. डोळे मिटून गिअर.

साधा हिशोब करा. तुमचा सगळ्यात हलका गिअर 34/32, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक 1.06 फेऱ्या फिरतं. मिनिटाला 60 पॅडल मारायची तर सायकल ताशी 8.3 किमीने पळायलाच हवी. कच्च्या चढावर सामान घेऊन तुमचा तेवढा वेग नसतो, म्हणून 40-45 वर येऊन प्रत्येक पॅडल रेटता. गुडघा तिथेच गेला.

पुढे 46/30 आणि मागे 11-34 केलंत तर 30/34, म्हणजे 0.88. त्याच 60 ला ताशी 6.9 किमी. पायावरचा जोर 17 टक्क्यांनी उतरला. आता ओझं बघा. तुम्ही, सायकल, सामान, पाणी मिळून 105 किलो धरू. चार किलो कमी केलेत तर चार टक्केही होत नाहीत.

मागे 32 चालतंय म्हणजे डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लाँग केजचा, म्हणजे लांब हाताचाच असणार, 34 बहुधा घेईल. पण क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) घेण्याआधी बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) कुठला बसतो ते मेकॅनिककडून बघून घ्या, नाहीतर तो खर्च वेगळा. आणि पुढचा डिरेलर खाली सरकवायला विसरू नका. पुढच्या मोठ्या चकतीच्या (चेनरिंगच्या) दातांवर एक ते तीन मिलिमीटर फट हवी.

थोडा असहमत

हिशोब बरोबर आहे, पण चार टक्क्यांचा हिशोब सायकल चालवताना लागतो. काका (म्हणू ना?) तिथे ढकलणार आहेत, एखाद्या ओढ्यात उचलणारही आहेत. 24 किलोची सायकल खांद्यावर घेऊन बघा, मग टक्के आठवत नाहीत. आणि झोके बॅगेचे नसतात, बॅग भरण्याचे असतात. जड वस्तू (हत्यारं, ट्यूब, पॉवर बँक, खाऊ) फ्रेमच्या त्रिकोणात खाली. सीटमागे फक्त कपडे आणि झोपायचं सामान, तेही सीटपोस्टकडे कोंबून घट्ट. हँडलला चादर. छत्री घरी.

टायरमध्ये हवा किती?

एकाही प्रतिसादात हा प्रश्न नाही म्हणून विचारतो.

धागाकर्ता: हवा

80 पीएसआय. बीआरएमला तेवढीच ठेवतो.

अहो!

38 च्या टायरला 80? मुरमावर चाक उड्याच मारणार. मागे 48, पुढे 42 ने सुरुवात करा. ट्यूब असल्याने याहून फार खाली जाऊ नका, धारदार दगडावर ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. तुमची ट्यूब बारीक पिनची असणार. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचं नोझल तिला बसत नाही. मला एकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "दादा, ही पिन कापतो आणि दुसरी बसवतो." सायकलच्या दुकानात पितळी अडॅप्टर मिळतो, करंगळीच्या नखाएवढा. दोन घ्या. एक व्हॉल्व्हलाच लावून ठेवा, कारण दुसरा हरवणार.

गुडघा आणि बूट

वाटी पुढून दुखतेय तर सीटची उंचीही तपासा. सीट खाली असली की पुढचा भाग बोंबलतो. एकदम नको, दोन-तीन मिलिमीटर वर करत जा. दुखणं टिकलं तर मात्र इथे विचारू नका, डॉक्टरांकडे जा.

रोडचे तीन बोल्टवाले क्लीट फेकून द्या (म्हणजे बीआरएमसाठी ठेवा). दोन बोल्टवाले, तळव्यात आत बसणारे घ्या, किंवा सरळ फ्लॅट (क्लीट न लागणारी सपाट) पॅडल आणि ट्रेकिंगचे बूट. मी दुसऱ्या पंथातला.

आणि सराव सामानासकट. आठवड्यात एक दिवस बोपदेव घाट तीनदा, रविवारी सिंहगड. रिकाम्या सायकलवर सिंहगड कितीही वेळा केलात तरी उपयोग नाही.

दाजीपूरबद्दल

कोल्हापूरचा आहे म्हणून सांगतो. फोंडा घाट दुपारीच चढून घ्या, दिवस मावळायच्या आत राधानगरीकडे उतरा. अभयारण्य गव्यांचं आहे. वळणावर गवा उभा असला तर तो हलत नाही, तुम्हीच थांबायचं. घंटी वाजवायची नाही, लाइट डोळ्यांत मारायचा नाही. जंगलातल्या वाटा नकाशावर दिसल्या तरी परवानगीशिवाय शिरू नका. कोयना-चांदोलीकडेही तेच, तो व्याघ्र प्रकल्प आहे.

डिसेंबरात सड्यावर पाणी आटत आलेलं असतं. पठारावर चढण्याआधी शेवटच्या गावात चार लिटर भरून घ्या, तिथे जड वाटलं तरी चालेल. कोकणातली तांबडी धूळ ब्रेकपॅड आणि चेन दोन्ही खाते. पॅडची एक जोडी जादा ठेवा आणि चेनला रोज संध्याकाळी फडकं मारा. तेल ओतून ठेवलंत तर त्याचा लाल चिखल होतो.

धागाकर्ता: तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे आभार. 46/30 बसवला. बॉटम ब्रॅकेटही बदलावा लागलाच. तंबू नवा घेतला नाही. शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप गावात विचारून मिळतो, असं दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवलं. सामान 7.4 किलोवर आणलं. हवा 48/42 ठेवून परवा पुन्हा केळदला गेलो. तोच चढ, ज्या बाभळीपाशी मागच्या वेळी बसलो होतो तिथून पुढे गेलो. शेवटचे दोनशे मीटर तरीही ढकलले, पण फ्लॅट पॅडल आणि जुने बूट होते, त्यामुळे माणसासारखा चाललो. गुडघा गप्प आहे.

काका म्हटलेलं चालेल.

आता एकच राहिलं. आंबोली उतरून सावंतवाडीला पोचलो की परत पुण्याला सायकली कशा आणायच्या? पाच सायकली आहेत.

परतीचं

आम्ही रात्रीच्या खाजगी बसच्या डिकीतून आणल्या होत्या. आदल्या दिवशी ड्रायव्हरशी फोनवर बोलून ठेवा, ऐन वेळी पाच सायकली बघून तो नाहीच म्हणणार. दोन्ही चाकं काढून फ्रेमला बांधायची, कुणाचे ब्रेक हायड्रॉलिक (तेलाचे) असतील तर पॅडमधल्या डिस्कच्या फटीत पुठ्ठा खोचायचा म्हणजे लिव्हर चुकून दाबला गेला तरी पॅड चिकटत नाहीत. डिरेलरची बाजू वर. एवढं करून झालं की डिकीत सगळ्यांच्या आधी तुमचं सामान जाऊ देऊ नका, नाहीतर वर आंब्याच्या पेट्या येतात. डिसेंबरात आंबे नसतात म्हणा, पण काजूची पोती असतात.